समुद्र वजा केल्यावर

वादळ येऊन गेलं त्याचा हा तिसरा दिवस, आणि डॉ. मृणाल सप्रे यांच्या अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. नऊ वर्षं खपून त्यांनी तयार केलेली ‘अनुधावक’ यंत्रणा बचावपथकाच्या हेलिकॉप्टरवर बसवून जेमतेम महिना झाला होता, त्यामुळे प्रत्येक फेरीला सोबत जाणं आलंच. यंत्र बनवणाऱ्याला यंत्र सुटी मिळवून देतं, हा एक गोड गैरसमज आहे. देवगडच्या पश्चिमेला, भर समुद्रावर, वादळानंतरची त्यांची ही अकरावी फेरी. बसल्या जागी डोळे मिटत होते, आणि मिटले तरी पडद्यावरचे ठिपके आत दिसतच होते.

दारात बसलेला दोरचालक यशवंत तारी वीस वर्षं हाताने दोर सोडत आलेला माणूस. आता हूक आपणच लाटेबरोबर वरखाली होत बुडणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन थांबे. तारीला फक्त खूण निवडून कळ दाबावी लागे.

“बुडत्याला काडीचा आधार म्हणतात,” तो म्हणाला. “तुमची काडी तर स्वतःच बुडत्याला हुडकत जाते. पण मॅडम, महिनाभर विचारीन म्हणतोय. फळ्या, पिंपं, नारळ, सगळंच हिंदकळतंय. त्यात तिला माणूस कळतो कसा?”

“वजाबाकीनं.” हे त्यांनी इतक्यांना सांगितलं होतं की जीभ आपोआप चालायची. “फेसात चेहरा दिसत नाही, अंगाची ऊबही पकडता येत नाही. म्हणून यंत्र आधी लाट मोजतं. त्या लाटेनं एखादा ठिपका किती हलायला हवा ते काढतं, आणि त्याच्या खऱ्या हालचालीतून तेवढं वजा करतं. उरते ती उर्वरितगती. ती चाळीसच्या वर गेली, की तिथं कुणीतरी स्वतःच्या इच्छेनं हातपाय मारतंय. खाली असली तर निर्जीव.”

“म्हणजे समुद्र वजा केल्यावर उरतो तो माणूस.”

वाक्य बरं होतं. एरवी त्यांनी ते लिहून ठेवलं असतं.

बुडालेल्या नौकेवरच्या पाचांपैकी चौघे वर आले होते. राहिला होता नौका चालवणारा तांडेल, सत्तरीचा भिकाजी खवळे. पडद्यावर एकच हिरवी खूण शिल्लक होती, उर्वरितगती एकाहत्तर.

“इंधन एकदा दोर सोडण्यापुरतंच आहे,” वैमानिकाने बजावलं. “मग परत. पुन्हा यायला तीन तास.”

तारीने कळीवर बोट ठेवलं. ब्लँकेट गुंडाळून कुडकुडत बसलेला, त्या चौघांतला खलाशी मोतीराम पडद्याकडे पाहत होता. हिरवी खूण नुसती तडफडत होती.

“ह्यो आमचो तांडेल न्हय,” तो म्हणाला. “तांडेल असो धडपडाचो नाय. दर्यावांगडा भांडू नको, लाट न्हेता थंय जा, ह्यां तो जल्मभर सांगता. आमी आयकाक नाय, म्हणान तुमका गावलाव.”

मृणाल यांची झोप खाडकन उडाली. समुद्राशी भांडू नको हे ऐकलं नाही, म्हणून सापडलो!

यंत्राने निर्जीव ठरवून लपवलेल्या करड्या खुणा त्यांनी पडद्यावर आणल्या. सव्वीस, एकोणीस, चौतीस. फळ्या आणि पिंपंच असणार. चाचण्यांच्या वेळी ओंडक्यापासून नारळापर्यंत सगळं त्यांनी स्वतः पाण्यात सोडून पाहिलं होतं, आणि बाराच्या खाली कधीच काही आलं नव्हतं. निर्जीव वस्तूला जडत्व असतं. लाट चढली की फळी किंचित उशिरा चढते, वाऱ्याने थोडी भरकटते. समुद्राचं तंतोतंत ऐकणं लाकडालाही जमत नाही.

शेवटच्या करड्या खुणेवर आकडा होता दोन.

“यंत्र याला सगळ्यांत मेलेला समजतंय,” त्या म्हणाल्या. “पण इतकं बिनचूक तरंगायला लाट येण्याआधी ओळखावी लागते. तारी, हिरवी सोडा. हा घ्या.”

“मॅडम, चुकलं तर?”

“तर म्हातारा माझ्यामुळे मेला.” त्यांना भीती वाटत होती आणि ती लपवण्याचंही बळ नव्हतं. “दाबा कळ.”

हूक खाली गेला, लाटेबरोबर उठला, लाटेबरोबर बसला. फेसातून दोन हात सावकाश वर आले आणि खुंटीवरची पिशवी काढावी तसा त्यांनी पट्टा धरला.

परत वळताना हेलिकॉप्टर हिरव्या खुणेवरून गेलं. तुटक्या जाळ्यात एक कासव अडकलं होतं. जिवंतच होतं; यंत्र त्या बाबतीत खोटं बोललं नव्हतं.

तांडेलाचे दात वाजत होते, पण चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. “आयकलंस, मोतीरामा? मी हलाक नाय, म्हणान ह्यांका गावलंय!”

मोतीरामने मान खाली घातली. मृणाल यांना दुसरंच काही आठवलं. अनुधावक बसवला तेव्हा पथकाने किनाऱ्यावरच्या वस्त्यांत एक पत्रक वाटलं होतं. ‘पाण्यात पडलात तर धडपडू नका. लाटेबरोबर शांत तरंगा. यंत्र तुम्हाला शोधेल.’ मसुदा त्यांनीच तपासला होता.

हात उचलायचं जिवावर आलं होतं. तरी त्यांनी आधीच्या दहा फेऱ्यांच्या नोंदी उघडल्या आणि यंत्राला विचारलं, की निर्जीव ठरवलेल्यांपैकी उर्वरितगती बाराहून कमी असलेले किती?

यंत्राला क्षणही लागला नाही. सात.

“इंधन भरलं की लगेच निघायचं,” त्या वैमानिकाला म्हणाल्या.

“आधी कुठं?”

त्यांनी यादीतली सर्वांत जुनी खूण वाचून दाखवली. ती परवा सकाळची होती.