परक्याची लेक स्कूटीवर

उस्मानपुऱ्यातल्या स्केटिंग क्लासची सगळी पोरं एकसारखीच दिसायची. तोच निळा टी-शर्ट, तेच हेल्मेट. त्यात तनुजाला आपल्या लेकीला, मृण्मयीला, अबॅकसला पोचवायची घाई, तिथून पुढं तबला! "बस पटकन," म्हणत तिनं मागं न पाहताच स्कूटी दामटली. सिग्नलला मागून प्रश्न आला, "काकू, आज मला न्यायची पाळी तुमची आहे का?"

तनुजानं गर्रकन मागं वळून पाहिलं. ही मृण्मयी नव्हती!

ती तशीच माघारी फिरली. फाटकापाशी मृण्मयी एका उंच माणसाबरोबर मक्याचं कणीस खात निवांत उभी होती.

"सॉरी हो... मला वाटलं—"

"असू द्या. आमची गार्गी लई बोलते. तुम्हीच आणून सोडणार, ठाऊक होतं मला."

तनुजाच्या ओशाळवाण्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

गार्गीचा बाप सुदर्शन मूळचा सिल्लोडचा. गुलमंडीत कापडाचं दुकान. बायको वारल्यापासून लेकीचं सगळं तोच बघायचा. तनुजाही नवरा गेल्यापासून एकटीच. दोघांनी पोरींची ने-आण वाटून घेतली, आणि तनुजाला कितीतरी दिवसांनी श्वास घ्यायला फुरसत मिळाली. पण तिची पाळी असली तरी सुदर्शन हजर असायचाच.

"आज तुम्ही कसे?"

"दुकानात गिऱ्हाईक नाय."

"ऐन लग्नसराईत?"

तो दुसरीकडं बघत विचारायचा, "तुम्ही जेवलात का?"

सगळं जग तिला पोरीचे मार्क विचारायचं. ती जेवली का, हे विचारणारा हा एकटाच. तिचे डोळे भरून यायचे... मग ती उगाच हेल्मेट पुसत बसायची.

जिल्हा स्पर्धा आली. राज्यपातळीवर एकच मुलगी जाणार होती, आणि अंतिम फेरीत नेमक्या मृण्मयी आणि गार्गी! कालपर्यंत डबे वाटून खाणारे पालक आता एकमेकांकडं तिरकं बघू लागले. तनुजानंही मनात लेकीसाठी देवाला साकडं घातलं, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. मृण्मयी जिंकली. वळणावर घसरलेल्या गार्गीला कडेवर घेऊन सुदर्शन तडक निघून गेला.

मग तो आलाच नाही. संध्याकाळ झाली की तनुजाची नजर फाटकाकडं लागायची. एका पदकापायी हे माणूस आपण गमावलं, या विचारानं तिला पेढाही गोड लागेना.

आठवडाभरानं, तनुजा फाटकापाशी कट्ट्यावर बसलेली असताना, तो आला. एकटाच.

"गार्गीनं स्केटिंग सोडलं. तिला घरी चित्रं काढायचीत म्हणे. लोकांच्या पोरींमागं आपली पडू नाय म्हणून मीच दामटत होतो तिला... पडल्यावर रडली, तवा उमगलं."

"मग आता तुम्ही इथं यायचा नाहीत?" तनुजानं हेल्मेट पुसत विचारलं.

"गार्गीचं काम संपलं इथलं." तो थांबला. "माझं नाय. पण आता सांगायला निमित्त उरलं नाय. तुमच्यासाठीच येतो, असं म्हटलं तर... चालंल का?"

"चालेल. तुम्ही आला नाहीत तर मला करमत नाही," तनुजा म्हणाली. "आणि तुमचे उपकार कसे मानायचे, तेही कळत नाही मला."

 सुदर्शन हसला आणि तिच्या शेजारी, अगदी जवळ बसला.