ओली भुई

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. भीमेवरनं उठायचं आणि उसाच्या पानांत अडकून बसायचं, तसलं. पौषातली थंडी. अंगणातल्या दोरीवर आदल्या दिवशी टाकलेलं लुगडं तसंच गार, ओलं लोंबत होतं. चुलीचा धूरसुद्धा वर जाईना, दारातच घुटमळत राहिला. अशा दिवशी काही म्हणता काही वाळत नाही. एवढं ध्यानात असू द्या.

आम्ही दोघं निघालो होतो शिरूरला, डॉक्टरकडं. रंभाची बोटं दाखवायची होती. घराला नुसती कडी लावली. चोरून न्यायला आत होतं काय? बांधापलीकडं सोजराबाईचं घर. तिच्या आज्यापणज्यांनी मेंढरं राखली, आता तीही आमच्यासारखीच वांगी लावते. तिला हाक मारून म्हटलं, दुपारी गाईला पाणी तेवढं दाखव.

"जावा निवांत," ती म्हणाली. "न्हाईतर जाल तसंच ल्योकाकडं पळून, आन् गाय माझ्या गळ्यात!"

थट्टाच होती. पण रंभाचं तोंड उतरलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

थोडं मागचं सांगतो. घाई नाही ना तुम्हाला? बसा.

माझा जन्म दौंडकडचा, खुटबावचा. पण उमेदीची वर्षं सगळी गेली कोरेगाव भीमाला. कंपनीत माल चढवायचा, उतरवायचा. पत्र्याची खोली, पुढं गटार, रात्रभर ट्रक. केस पिकायला लागले तशी रंभा एकच बोलायला लागली, "म्हातारपन मातीवर काढायचं. फरशीवर न्हाई." पन्नाशी उलटली की माणसं गुडघे धरून बसतात. आम्ही फावडं धरलं. वडगाव रासाईच्या शिवारात, नदीच्या अंगाला, एक पडीक तुकडा मिळाला. तिथं आधी कुणाचं घर नव्हतं, वस्ती नव्हती, बाभळी होत्या फक्त. त्या काढल्या. माती तुडवली, भिंती घातल्या. मी भिंत घालायचो, ती लिंपायची. गाय आणली, शेळ्या आणल्या, परसात घेवडा चढवला. तरण्यापणी हे केलं असतं तर धावत केलं असतं. त्या वयात बसत-उठत केलं, आणि सांगतो तुम्हाला, बसत-उठत केलेलं काम जास्त दिसतं. वेल कुठं वळतोय ते दिसतं. आपलं अंग कुठं अडतंय तेही दिसतं.

भुई मात्र रंभाची. तिला दुसऱ्याचा हात लागलेला चालायचा नाही. मागच्या भिंतीपासून सुरू करायची, उकिडवी बसून शेणकाला पसरत, मागं मागं सरकत दाराकडं यायची आणि शेवटचा हात उंबऱ्यावर फिरवून बाहेर पडायची. सगळीकडं असंच सारवतात. आपण सारवलेल्यावर आपलाच पाय पडू नये म्हणून. भुईवर तिच्या बोटांच्या कमानी उठायच्या, एकीत एक अडकवलेल्या. बघत बसावं वाटायचं.

मग थंडीत तिची बोटं सुजायला लागली. मुठीत वाटी धरवेना. सतीश, आमचा मुलगा, गावातल्या एसटीडीवर फोन करायचा. "आई, लय झाली हौस. या हिकडं. फरशी हाय, नळ हाय."

तिनं त्याला सांगून टाकलं, "जवर माझी भुई मी सारवतीया तवर बोलायचं न्हाई. ज्या दिशी हात चालनार न्हाई, त्या दिशी तू टेम्पो आन. मी मुकाट्यानं बसंन."

बोलली ती बोलली. आणि सतीश त्या रविवारी यायचा होता.

मी निर्धास्त होतो. कारण भुई सारवली जात होती. मळ्यातनं यावं तर घर ताजं सारवलेलं, शेणाचा ओला वास, रंभा शेळ्यांमागं गेलेली. मी मनात म्हणायचो, दुखत असताना करतेय, आपण विचारलं तर तिला कमीपणा वाटेल. म्हणून गप्प राहायचो. रात्री तिच्या बोटांना कोमट तेल तेवढं लावायचो. तीही काही बोलायची नाही. कधीकधी माझ्याकडं बघून हसायची, नवी नवरी हसते तशी. म्हातारपणी असं हसू मिळालं तर कोण कशाला चौकशी करतो?

तर त्या दिवशी डॉक्टरनं तिचा हात टेबलावर ठेवून घेतला. बोटं एकेक दाबून बघितली. म्हणाला, "ही अशीच करंगळीकडं वळत जाणार, आजी. थांबवता येत नाही, सावकाश करता येतं. गार पाण्यात, शेणात हात घालायचा नाही."

"न्हाईच घालत," रंभा म्हणाली. "दिवाळीपास्नं शेनाला हात लावला न्हाई. भुई ह्येच सारवत्यात." आणि माझ्याकडं बोट करून लाजली. "गावात बायका हसतील म्हून मी न्हाई कुनाला बोलले. ह्यांनाबी न्हाई."

डॉक्टर मला म्हणाला, "वा आजोबा!"

मी तिच्याकडं बघत राहिलो. ती माझ्याकडं. तिचं हसू हळूहळू गेलं.

वडापच्या जीपमध्ये आम्ही दाटीत बसलो होतो, एकमेकांच्या मांडीला मांडी लागून. फाट्यावर उतरलो तेव्हा दुपार झाली होती, पण धुकं काही उठलेलं नव्हतं. पायवाटेनं चालताना तिनं हळूच विचारलं,

"खरंच तुम्ही न्हाई?"

"न्हाई."

"माझी शपथ?"

"रंभा... मला वाटलं तू."

आमच्यात देवरुषी नाही, उतारा नाही. धम्म घेतला तेव्हाच वडलांनी ते सगळं घराबाहेर टाकलं. म्हणून भूत म्हणायला माझी जीभ वळत नाही. पाहिलं तेवढं सांगतो.

घर धुक्यातनं आधी दिसलंच नाही. आधी ऐकू आलं. सर्र... थांबायचं. सर्र... ओल्या भुईवरनं हात फिरतो तो आवाज. दुखऱ्या हाताचा, दम घेत घेत फिरवलेला. रंभानं माझा दंड धरला. आम्ही अंगणात आलो. गाय दावणीला होती, कान दाराकडं टवकारून. दाराची कडी आम्ही लावली होती तशीच होती.

मी कडीला हात लावला. आवाज थांबला.

दार ढकललं. आत कुणी नव्हतं. एकच खोली आमची, लपायला आडोसा नाही. खिडकीला गज. ओल्या शेणाचा वास असा अंगावर आला, जणू आत्ता कुणी पाटी रिकामी केली. भुई चमकत होती.

मी पाऊल उचललं तशी रंभा म्हणाली, "थांबा. पाय देऊ नका."

ती उंबऱ्यात खाली बसली. बराच वेळ भुईकडं बघत राहिली. मला काही दिसत नव्हतं, कमानी होत्या, रोजच्यासारख्या. मग ती कुजबुजली,

"उलटं हाय ह्ये."

"काय उलटं?"

"उंबऱ्यापास्नं सुरू केलंय... आन् आत गेलीया. सारवत सारवत आत."

तेव्हा मला दिसलं. कमानी दारापासून निघून मागच्या कोपऱ्याकडं जात होत्या, एकीवर एक, तिथल्या जात्यापर्यंत. तिथं संपल्या होत्या. जात्याच्या शेजारी एक माणूस उकिडवं बसेल एवढीच जागा कोरडी राहिली होती. आणि तिथनं बाहेर आलेलं एकही पाऊल त्या ओल्या भुईवर नव्हतं.

मी म्हटलं, "चल. सोजराबाईकडं बसू. रविवारपर्यंत तिकडंच राहू." तोपर्यंत ह्या मातीचं वेड मलाही तिच्याएवढंच लागलं होतं, पण खरं सांगतो, त्या घडीला मला पत्र्याची खोली, गटार, ट्रक, सगळं हवंहवंसं वाटलं.

रंभा ऐकून न ऐकल्यासारखी उठली आणि भुईवरनं चालत गेली. तिची पावलं उमटत गेली. कोपऱ्यात वाकून तिनं त्या कोरड्या जागेला हात लावला.

"ऊन ऊन लागतंय," ती म्हणाली. "आत्ता कुनी उठावं तसं."

मी भीतभीतच मागं गेलो. जात्याजवळ, कमानी संपतात तिथं, उठताना टेकल्यासारखा एक पंजा उमटलेला होता. बोटं करंगळीकडं वळलेली. पार वळलेली, वाऱ्यानं कणसं एका अंगाला कलावीत तशी. रंभानं त्यावर आपला हात ठेवला. तळवा बरोबर बसला. अंगठा बसला. बोटं बसली नाहीत. तेव्हा नाही बसली. मघाशी तिनं तुम्हाला चहा दिला, तिची बोटं पाहिलीच असतील तुम्ही.

"रंभा, भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय की." तिनं हात उचलला नाही. "पन हात वळखीचा हाय."

मग म्हणाली, "सतीशला सांगा, टेम्पो आनू नगंस. मी सारवलं न्हाई असं कसं म्हनू आता?"

आम्ही बाहेर ओट्यावर येऊन बसलो. दार उघडंच ठेवलं. लावायला कुणाचाच हात पुढं होईना. आणि तेवढ्यात, दिवसभरात पहिल्यांदा, धुकं फाटलं. ऊन अंगणात उतरलं, उंबऱ्यावर चढलं, आत शिरलं. भुई दाराकडनं वाळायला लागली. ओलीचा काळसर रंग जाऊन फिकट हिरवट रंग येतो ना, तो बोटबोट आत सरकत होता, जात्याच्या दिशेनं.

सोजराबाई बांधावरनं हाका मारत आली. "आला का? काय म्हनला डागदर? आन् आबा, घरात पाव्हनी ठिवून जायाचं, तर बाहेरनं कडी कशी वो लावली? जीव घाबरला असंल म्हातारीचा."

रंभा म्हणाली, "कोन म्हातारी?"

"अगं तुझी आई न्हवं का? गाईला पानी पाजाया आले, तवा खिडकीतनं बघितली. तोंडवळा तुझाच की, पन पार सुकल्याली. भुई सारवत हुती, लय ध्यान लावून."

रंभाची आई तिला तान्ही ठेवून गेली. म्हातारी व्हायला तिला सवडच मिळाली नव्हती. हे सोजराबाईला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही दोघांनी सांगितलंही नाही. मी आत बघितलं. ओल आता फक्त कोपऱ्यात उरली होती, जात्याभोवती, परातीएवढी.

"बोलली काय तुझ्याशी?" मी विचारलं.

"बोलली की. म्या म्हनलं, आजी, गारठ्यात कशाला बसलाय, कडी काढते, बाहेर या, च्या घ्या. तर म्हनली, 'आत्ता न्हाई बाई. भुई वली हाय, पाय उमटतील. वाळली की येते.'"