सरळ उभी चौकी

काम तसं साधं होतं. दगडाच्या खाणीवर जायचं, ड्रोन उडवायचा, खडीचे ढीग मोजायचे आणि घरी यायचं. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. भुतालासुद्धा उठायचा कंटाळा येईल अशी वेळ.

फक्त मला त्या खाणीवर जायचं नव्हतं. माझा काका तिथे रात्रपाळीचा वॉचमन होता. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी काका गायब, आणि तो बसायचा ती निळ्या पत्र्याची चौकीही गायब. मॅनेजरने पोलिसांत लिहून दिलं, वॉचमन चौकी भंगारात विकून पळाला. आता चौकी म्हणजे काही छत्री नव्हे, काखेत मारून न्यायला. पण लोकांना पटलं. तेव्हापासून दुकानदार आधी काकूच्या पिशवीकडे बघतो, मग तिच्याकडे बघून हसतो.

"जाऊ नकोस," काकू म्हणाली. मी बूट घालेपर्यंत तिचं मत बदललं. "गेलास तर नीट बघ."

मॅनेजरकडे मी ड्रोनसाठी मेकॅनिकल शटरचा कॅमेरा मागितला होता. त्याने टेबलावर स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक शटरवाला ठेवला.

"फोटो तो फोटो," तो म्हणाला. "ढिगांना काय लग्नाला उभं करायचंय?"

"मापं चुकतील, साहेब."

"तुझ्या काकाचा काही पत्ता? चौकी जड होती रे. कुठेतरी दम खात बसला असेल."

मी हसलो. नोकरी होती, म्हणून हसलो. त्याच्या बोलण्यापेक्षा त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

शटरचं थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेकॅनिकल शटर म्हणजे दार. उघडलं, सगळं एकदम आत आलं, बंद. इलेक्ट्रॉनिक शटर म्हणजे हजेरी घेणारा मास्तर. वरच्या ओळीपासून एकेक ओळ वाचत खाली येतो. तो खाली पोचेपर्यंत एखादं पोरगं जागेवरून सरकलं, तर त्याचं डोकं एकीकडे आणि पाय भलतीकडे दिसतात. त्यामुळे ड्रोन जोरात आडवा उडवला की जमिनीवरचं सगळंच तिरकं येतं.

आलंच. ड्रोन उतरवून मी ताडपत्रीच्या सावलीत फोटो बघत बसलो. विजेचे खांब तिरके, खडी वाहणारा पट्टा तिरका, पाण्याचा टँकर तर दारू पिऊन भिंतीला टेकल्यासारखा. जेवणाची सुट्टी म्हणून खडी फोडणारा क्रशर बंद होता. शेजारी पोकलेनवाला चहा पीत होता. त्याला फोटो दाखवून मी मॅनेजरच्या अकलेचा उद्धार करणार होतो.

चौदाव्या फोटोच्या कडेला काकाची चौकी उभी होती.

सरळ.

पंधराव्यातही. सोळाव्यातही, कडेला त्याच जागी. मागचे खांब तिरके आणि बदलत जाणारे, पुढे चौकी ओळंबा लावल्यासारखी ताठ. दार बंद.

मी मान वर करून पाहिलं. समोर मोकळी जमीन. धूळ आणि ऊन.

"ही तर..." पोकलेनवाला म्हणाला.

सगळं तिरकं आणि एकच गोष्ट सरळ, याचा अर्थ एकच निघतो. ती गोष्ट ड्रोनच्या बरोबर पळतेय. त्याच वेगाने.

मी ड्रोन पुन्हा उडवला. वेग कमी केला, खांबांचा तिरकेपणा कमी झाला. चौकी सरळ. उलटा फिरवला, खांब दुसरीकडे कलले. चौकी सरळ. मग मी ड्रोन हवेत जागच्या जागी थांबवला.

आता खांब सरळ आले. टँकर सरळ आला. आणि चौकी तिरकी.

"म्हणजे...?" पोकलेनवाल्याचा आवाज खाली गेला होता.

"ड्रोन थांबलाय. ती थांबली नाही."

मी तिच्या मागे मागे फोटो काढत गेलो. कुठेच आवाज नव्हता, नुसती पंख्यांची घरघर. आणि भर उन्हात ओल्या मातीचा वास यायला लागला, आधी पुसट, मग नाकात बसेल असा. चौकी खाणीच्या टोकाच्या भरून टाकलेल्या खड्ड्यापर्यंत गेली. तिथे ड्रोन थांबवला तर ती सरळ आली, म्हणजे तीही थांबली. पुढच्या फोटोतही सरळ, त्याच्या पुढच्याही.

पोकलेनवाल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"त्या रात्री चौकीजवळची कडा ढासळली... साहेब म्हणाले, बोभाटा झाला तर खाण बंद पडेल. उजाडायच्या आत भरून टाक. मी विचारलं, वॉचमन? म्हणाले, तो घरी गेलाय." त्याने खड्ड्याकडे पाहिलं. "मी उतरून बघितलं नाही."

त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण मशीन त्यालाच चालवता येत होतं.

"चालू कर," मी म्हणालो.

बकेट तिसऱ्यांदा खाली गेली तेव्हा मॅनेजर धापा टाकत आला. "कुणाला विचारून खणताय?"

मी त्याला फोटो दाखवले.

"शटरचा दोष आहे तो," तो म्हणाला. "हा कॅमेरा चुकीचं दाखवतो, तूच म्हणालास ना सकाळी?"

"हलतं त्यालाच हा तिरकं दाखवतो, साहेब. मनाचं काही घालत नाही."

चार वाजता पत्रा लागला. कडी आतून लावलेली होती. काका खुर्चीत होता, रजिस्टर मांडीवर.

पोलीस आले, काकू आली, बघे आले. त्यांत तो दुकानदारही होता. काकूने एकदाच सगळ्यांकडे पाहिलं. "ड्युटीवर होता," म्हणाली. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांसाठी मी मेकॅनिकल शटरचा कॅमेरा भाड्याने आणून सगळी खाण टिपली. सगळं सरळ, मापं चोख. वरती चौकी कुठेच नाही. तिथे उभा मॅनेजरही सरळ.

पण आदल्या संध्याकाळी तो पोलिसांसमोर खांबासारखा उभा असताना मी फोनवरून त्याचे फोटो काढले होते. फोनचं शटर इलेक्ट्रॉनिक. त्यात जीप सरळ, पोलीस सरळ, मॅनेजर खड्ड्याच्या दिशेने जरासा तिरका. मला वाटलं हलला असेल. आणखी पाच काढले. प्रत्येकात आधीपेक्षा जास्त तिरका.

तो जामिनावर सुटून दूरच्या शहरात राहायला गेला. परवा त्याच्या मुलीच्या वाढदिवसाचा फोटो कुणीतरी टाकला. केक सरळ, फुगे सरळ, आजी सरळ. साहेब असे तिरके की पडायला हवेत. खाली कुणीतरी लिहिलंय, फोन बदला. तिथे बसून तो निघालाय कुठे ते मला माहीत आहे. वेग वाढतोय हेही. मी त्याला कळवलेलं नाही. कळवणारही नव्हतो.

पण त्या फोटोत त्याने मुलीच्या खांद्यावर हात ठेवलाय. मुलगी सरळ आहे.

तो एक खांदा सोडून.