दिव्याच्या पुढं चाललेला कॅमेरा

दिवेआगरला जेवणं उरकली होती. ओटीवर हिरामणनाना सुपारी कातरत बसले होते, आणि त्यांची पुतवंडं, जागृती आणि निकेत, मोबाईल एका दांडीवर बसवून अंगणभर फिरत होती. चित्र हलत नाही म्हणून खूश.

"पुरे झाली मिरवणूक," नाना म्हणाले. "बसा इथं. माझ्या साडूचा मुलगा आहे ना, कुलदीप, त्याचं सांगतो. ऐकीव नाही, त्याच्यावर गुदरलेलं आहे."

तर कुलदीप. लग्नाचं शूटिंग करायचा. हात चांगला, जीभ वाईट. त्यात त्यानं ते अंगात घालायचं स्टॅबिलायझर घेतलं आणि माणूस बिघडलाच. छातीला पट्ट्यांचं जाकीट, जाकिटाला स्प्रिंगचा हात, त्या हाताच्या टोकाला कॅमेरा. पळा, जिने उतरा, कॅमेरा आपला तरंगतोय. तेव्हापासून दुसरे शूटिंगवाले त्याच्या लेखी हमाल, आणि ज्यांच्या घरचं कार्य ती माणसं नुसती गर्दी.

मार्गशीर्ष वद्य नवमी, शनिवार. दुपारच्या फेरीबोटीनं आगरदांड्याहून तो दिघीला उतरला. बरोबर मेहुणा रितेश. जवळच्याच एका कोळीवाड्यात नीराबाईच्या मुलीची, दिशाची, हळद होती. नीराबाईचा नवरा बाळाजी सात वर्षांपूर्वी होडीवरून पाण्यात गेला, तो सापडलाच नाही. त्या वाडीची रीत अशी, की समुद्रानं नेलेल्या माणसाला लग्नाचं आवतण धक्क्यावर जाऊन द्यायचं. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी, दिवा घेऊन पुढं. घरची माणसं तिच्या मागं. दिव्याच्या पुढं कुणी जायचं नाही.

नीराबाईनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बापाला आवतण पोचल्याशिवाय पोरीला हळद लावायची नाही, एवढंच तिचं म्हणणं.

कुलदीप जाकीट चढवून थेट दिव्यासमोर उभा राहिला.

"भावा, तिथं नको," धवलारीण केसरआजी म्हणाली. "ती वाट येणाऱ्याची हाय. फुडं जो दिसंल, तो आपल्यासाठीच आलाय असं येणाऱ्याला वाटतं, न् तो त्याला घेऊन जातो."

"मग आजी, मागं राहून काय तुमच्या अंबाड्याचं शूटिंग करू? मला चेहरे पाहिजेत. तुमचा पाहुणा आला तर त्याला म्हणावं, कॅमेऱ्यात बघ आणि जरा हस."

एकटाच हसला. नीराबाईनं पदर तोंडाला लावला.

आता त्या कामातली एक गोष्ट समजून घ्या. समोरून येणारी माणसं टिपायची तर उलटं चालावं लागतं. डोळे स्क्रीनवर, पाठ वाटेकडं. म्हणून मागून एक जण पाठीवर हात ठेवतो. डावीकडं दाबलं की डावीकडं सरकायचं, थाप पडली की थांबायचं. कुलदीपचा तो माणूस म्हणजे रितेश.

"भावजी, आज मी न्हाय," रितेश म्हणाला. "आईचं माहेर कोळ्यांचं हाय माझ्या. मी दिव्याच्या मागं थांबतो."

"थांब. खुळ्यांच्या रांगेत आणखी एक."

धक्क्याचं टोक चक्रीवादळात तुटून गेलेलं. पण हा हुशार. दुपारीच पावलं मोजून ठेवली होती. साठ. साठ झाली की थांबायचं.

रात्रीचे पावणेआठ. चंद्र नाही. भरती पुरी चढलेली. केसरआजीनं गाणं धरलं आणि रांग निघाली. कुलदीप उलटा चालू लागला, खेकडा परवडला असा. मनात मोजणी चालू. दहा... वीस... पंचवीस...

पाठीवर हात पडला.

"आलास ना शेवटी?" तो न वळताच म्हणाला. "तुमची भुतं तासाभराचीच."

हातानं डावीकडं दाबलं. हा डावीकडं सरकला. मग सरळ. फार सफाईनं नेत होता हात. रितेशला इतकं कधी जमलं नव्हतं. कुलदीपनं मोजणी सोडून दिली. आता कशाला मोजायचं?

स्क्रीनवर दिवा. नीराबाईचा चेहरा. झकास.

मग दिवा थांबला.

"या ना पुढं! मेंढरांसारखी काय उभी राहिलात?"

कुणी हललं नाही. गाणं बंद झालं. चेहरे लहान व्हायला लागले. हात मागं ओढतच होता. हळू. एकसारखा.

त्याच्या स्वतःच्या बुटांचा आवाज येत नव्हता.

कुलदीपनं स्क्रीनवर नीट पाहिलं. दिव्याच्या उजेडात, नीराबाईच्या शेजारी, एक माणूस दोन्ही हात तोंडावर धरून उभा होता.

रितेश.

...

मग पाठीवर कोण?

जाकिटातून गारवा आत येत होता. पाच बोटं. वेगवेगळी कळत होती.

आणखी मागं.

आणखी...

लांबून नीराबाईचा आवाज आला. भांडणाचा नाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसा.

"अहो... तो परक्याचा लेक हाय. त्याला सोडा. आपली पोर वाट बघते. हळदीला चला."

...

एक बोट सुटलं. मग दुसरं.

त्याला भान आलं तेव्हा तो धक्क्यावर बसला होता, दिव्याजवळ. रितेश जाकिटाचे पट्टे सोडत होता आणि रडत होता. बूट कोरडे. केसरआजीनं कुलदीपकडं पाहिलंसुद्धा नाही. दिवा घराकडं वळवला आणि गाणं पुन्हा धरलं. त्या रात्री दिशाला हळद लागली, नीराबाईनं पाणी घेतलं. कुलदीप मात्र घराच्या आत गेला नाही. दारात उभं राहून त्यानं हात जोडले, तेवढंच.

नाना थांबले. निकेतनं हळूच मोबाईल दांडीवरून काढला.

"चक्कर आली असेल, नाना," जागृती म्हणाली. "बसला असेल तिथंच."

"मीही त्याला तेच म्हणालो. चार शहाणपणाचे शब्द ऐकवले. तो वाद घालेना. नुसतं शूटिंग लावून दिलं माझ्यासमोर."

"काय होतं त्यात?"

"धक्का. मग धक्क्याची तुटलेली कड, समुद्राकडून दिसते तशी. बाहेर आलेल्या सळ्या, खाली आदळणारं पाणी. मग नुसतं पाणी, आणि पलीकडं ती सगळी माणसं, लहान लहान होत गेलेली. एकोणचाळीस सेकंद. मी मोजले... चित्र एकदाही हललं नाही."