रोजाची साखर

तो माझ्या साखरेच्या पोत्यावर बसला होता. सेनेगलमधल्या कावलाकच्या बाजारात, भर दुपारी, हातात चहाचा पेला घेऊन... जसं काही पोतं त्याच्या बापाने ठेवलेलं.

"उठा," मी म्हणाले. "ते बाकडं नाही. माझ्या आईच्या बांगड्या आहेत त्या."

त्या गहाण टाकूनच मी साखर भरली होती, आईला न सांगता. रमजान जवळ आला की भाव चढतो. तेव्हा विकायची, बांगड्या सोडवायच्या. भाव पडला तर साखरही गेली आणि बांगड्याही.

तो उठला. बिराम, डकार बंदरावरून ट्रक आणणारा. "बऱ्याच जाड आहेत बांगड्या," म्हणाला.

मग दर खेपेला यायचा. उभा राहूनच बोलायचा.

"साखरेचं जहाज नाही आलं अजून, पेंदा. थांब, भाव चढेल."

"साखर बघायला येतोस की मला?"

"साखर काय बघायची... ती एवढी तिखट नसते."

मी डोक्याचा रुमाल उगाच नीट करायचे.

रमजान तोंडावर आला तेव्हा तो धुळीने माखून धावत आला. "आज विक. सगळी. जहाज बंदराला लागलंय, उद्या भाव पडेल."

शेजारची रोखाया मावशी दातण चघळत फिस्कारली, "मोठ्या व्यापाऱ्यांनी पाठवलाय ह्याला. तुझी साखर स्वस्तात उचलतील. विकू नकोस."

मी त्याच्याकडे पाहिलं. "तुझं का ऐकू मी?"

त्याने एका पोत्यावर हात ठेवला. "मी बसलो होतो ते पोतं मला ठेव... आजच्याच भावाने."

"उद्या स्वस्त होणार म्हणतोस ना?"

"होऊ दे. तुझ्या आईला द्यायचंय."

मावशीचं चघळणं थांबलं. आमच्यात रोजाची साखर जावयाकडून जाते, ती सासूच्या घरी. चारचौघांत हे बोलून कुणी माघारी फिरत नाही.

ते एक पोतं ठेवून मी बाकी सगळी विकली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकही ट्रक नाही. भाव आणखी चढला. मावशी दातण चघळत माझ्याकडेच बघत होती. बांगड्या सुटल्या होत्या, पण माणूस खोटा निघाला तर?

मग रस्त्यावर धूळ उठली. पहिला ट्रक त्याचाच. पोती उतरता उतरताच भाव कोसळला.

त्याने पैसे पुढे केले. "कालचा भाव."

"आज निम्म्यात मिळतेय. डोकं फिरलंय का?"

"तुझ्या आईला स्वस्तातली साखर देऊ?"

पैसे मी मोजून घेतले. धंदा तो धंदा. मग त्या पोत्यावर बसले... आणि जरा सरकले, त्याला जागा होईल इतकंच.