शेपटीखालचा टेकू

"वान्नेस, शिडी हलवू नकोस! मी पडले ना, तर तुझ्यावरच पडेन!"

"पड की! मग तुझे गुडघे तरी फुटायचे नाहीत!"

लीस बारा वर्षांची. खाली शिडी धरून उभा असलेला वान्नेस तिचा धाकटा भाऊ, दहा वर्षांचा. आणि तोंडात खिळे धरून दोघांकडे डोळे वटारणारी फेबे त्यांची मैत्रीण. तिला तेरावं लागलं होतं, म्हणून ती आपल्याला तिघांची पुढारी समजत असे.

उन्हाळ्याची सुट्टी होती. ऑस्टेंड या समुद्रकाठच्या गावातल्या वाचनालयात शनिवारी तीन वाजता एका प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि आज गुरुवार उजाडला होता! प्रदर्शन होतं 'झेमेव' या मालवाहू विमान कंपनीच्या इतिहासाचं. कंपनी एकोणीस वर्षांपूर्वीच बंद पडली होती. पण गावात अजून कुणी शर्यतीच्या घोड्यांचा विषय काढला, की कुणीतरी म्हणेच, "आमच्या झेमेवनं नेले होते असे चाळीस घोडे! एकालासुद्धा उलटी झाली नाही!"

लीस आणि वान्नेसचे ओमेर आजोबा त्या कंपनीत लोडमास्टर होते. विमानात कुठलं ओझं कुठं ठेवायचं, आधी काय उतरवायचं, हे सगळं त्यांच्या हुकमाने चाले. शनिवारच्या समारंभासाठी त्यांनी कपाटातून जुना निळा कोट काढला होता आणि तो दोनदा इस्त्री केला होता.

"शेवटचा फलक लावा रे, मुलांनो!" प्रदर्शनाचे प्रमुख देलानॉयसाहेब हातात कात्री घेऊन घाईघाईने गेले. साहेबांना सगळ्याचीच घाई. छायाचित्र चौकटीत बसेना, की कचकन कापायचं आणि बसवायचं!

लीसने फलक उचलला, वाचला, आणि ती शिडीवरच थिजली.

"काय झालं गं?" फेबेने विचारलं.

लीसने हळू आवाजात वाचलं, "लोडमास्टर ओमेर कास्तेलाइन शेपटीखाली टेकू लावायला विसरले. विमान शेपटीवर बसून मोडलं. महिन्याभरात कंपनी बंद झाली आणि एकशे चाळीस माणसं घरी बसली."



"आजोबा विसरले नव्हते!" वान्नेस ओरडला. "ते दूध उतू जायच्या आत गॅस बंद करतात! ते कसे विसरतील?"

"जुन्या वर्तमानपत्रात तसंच छापलंय, बाळा," लांबूनच देलानॉयसाहेब म्हणाले. "इतिहास काही आपल्या लाडक्या आजोबांकडे बघून लिहायचा नसतो." आणि ते गेलेसुद्धा!

टेकू कशाला लागतो, हे आजोबांनी वान्नेसला स्वयंपाकघरात शिकवलं होतं. पेन्सिलवर पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना एकेक खोडरबर. एक उचललं, की दुसरं टोक खाली! त्या विमानाचं माल उतरवायचं दार पुढच्या बाजूला होतं. म्हणजे आधी पुढचं ओझं निघणार आणि मागचं आतच राहणार. शेपटीखाली मजबूत टेकू नसेल, तर एवढं मोठं विमान कुत्र्यासारखं मागच्या पायांवर बसायचं.

फलक लावायच्या जागेखाली अपघाताच्या दिवशीचं छायाचित्र आधीच लावलेलं होतं. कंपनीचे मालक विमानापुढे हसत उभे. ते वारल्यावर त्यांच्या मुलीने आपला आल्बम वाचनालयाला दिला होता, त्यातलं. तोवर ते कुणी पाहिलेलंच नव्हतं.

वान्नेस नाक लावून चित्र बघत होता. "लीसताई, पाऊस पडून गेलाय ना इथं?"

"ऑस्टेंड आहे हे. पाऊस पडून गेलेला नाही असं कधी असतं?"

"थट्टा नको! सगळं काँक्रीट ओलं आहे. मग शेपटीखाली हा चौकोन कोरडा कसा?"

दोघींनी डोकी खुपसली. खरंच! बशीएवढा नव्हे, चांगला ताटाएवढा चौकोन. कडा अगदी सरळ.

"टेकूचा तळ!" फेबे म्हणाली. "पाऊस पडला तेव्हा टेकू तिथं होता! नंतर कुणीतरी काढला!"

"आणि चित्राची उजवी बाजू कापलेली आहे!" लीस शिडीवरून उडी मारून खाली आली. "कापलेले तुकडे कुठं टाकतात हे साहेब?"

रद्दीच्या खोक्यात! आणि आज गुरुवार, रद्दी न्यायचा दिवस. खोकं दोरीने बांधून केव्हाच फुटपाथवर गेलं होतं. तिघं धावली. कोपऱ्यावर गाडी उभीच होती आणि एक दांडगा माणूस खोकं आत भिरकावणार, तेवढ्यात वान्नेसने त्याच्या कंबरेलाच मिठी मारली!

"अरे ए माकडा! सोड!"

"काका, त्यात माझे आजोबा आहेत!"

माणसाने आधी खोक्याकडे बघितलं, मग वान्नेसकडे, आणि मुकाट्याने खोकं खाली ठेवलं.

फुटपाथवरच फतकल मारून तिघांनी कागद उपसले. बोटभर रुंदीची ती पट्टी फेबेच्याच हाताला लागली. पट्टीत दोन माणसं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा टेकू उचलून नेत होती. एकाची पाठ होती. दुसरा डावीकडे वळून बघत होता. त्याच्या गळ्यात विणलेला पिवळा रुमाल होता.

"सापडलं!" वान्नेस नाचायला लागला. "सापडलं, सापडलं!"

फेबे नाचली नाही. तो रुमाल तिच्या आजीने विणला होता. तिचे गुस्ताफ आजोबा तो अजूनही घालत. गुस्ताफ आजोबा म्हणजे ओमेर आजोबांचे कंपनीतले सगळ्यात जवळचे मित्र. दर रविवारी ते करड्या कोळंब्यांची पुडी घेऊन यायचे, दोघं मिळून सोलायचे आणि संध्याकाळपर्यंत पत्ते खेळत भांडायचे.

"फेबे," लीस हळूच म्हणाली, "तू म्हणशील तसं करू."

फेबेने पट्टी जपून खिशात ठेवली. मग ती उठली. "आधी मी त्यांना विचारते. तुम्ही पण चला. एकटीला नाही जमायचं मला."

गुस्ताफ आजोबा घरामागच्या पडवीत जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी पट्टी पाहिली आणि हातातली सुई खाली ठेवली.

"मालक म्हणाले, हा लाल बांबू चित्रात वाईट दिसतो, दोन मिनिटं बाजूला घ्या. ओमेर कागदांवर सह्या घ्यायला कचेरीत गेला होता. आम्ही काढला. चित्र झालं. मालक म्हणाले, चला, कॉफी घेऊ. परत येऊन लावू म्हटलं... आणि इकडे हमाल पोरांनी पुढचं ओझं उतरवलं."

"मग सांगितलं का नाही?" वान्नेसने विचारलं.

"नोकरी जाईल म्हणून. महिन्याने सगळ्यांचीच गेली. मग आता सांगून काय उपयोग, असं म्हणालो. एकोणीस वर्षं तेच म्हणतोय, बाळा."

फेबे रडत होती. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू मला काही विचारलं नाहीस असं समज. शनिवारी मीच बोलतो."

शनिवारी ते बोलले. भरल्या सभागृहात, पिवळा रुमाल हातात चुरगाळत. देलानॉयसाहेबांनी लाल चेहऱ्याने फलक स्वतः उतरवला. "मुलांनो, मी कात्रीने इतिहासच कापला होता. तुम्ही तो जोडलात. शाबास!" लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. जुन्या वैमानिकांनी वान्नेसला खांद्यावर घेतलं.

ओमेर आजोबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. निळ्या कोटात ते सरळ उभे होते. टाळ्या थांबल्यावर म्हणाले, "लावल्याचं मला आठवत होतं, गुस्ताफ. पण सगळे म्हणाले विसरलास. मग मलाही वाटायला लागलं, विसरलोच असेन. तुलाच विचारलं होतं मी. किती वेळा विचारलं."

 ओमेर आजोबा टोपी घेऊन बाहेर पडले.

रविवारी चार वाजता दारावर थाप पडली. पुडी घेऊन फेबे एकटीच उभी होती. "आजोबा नाही आले. पण कोळंब्या त्यांनीच धरल्यात, पहाटे."

ओमेर आजोबांनी पुडी घेतली. टेबलाशी बसून ते एकेक कोळंबी सोलू लागले आणि सवयीने दोन बश्यांत टाकू लागले. दोन्ही बश्या सारख्या भरल्या, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. हात थांबला.

"ती पट्टी तुझ्याच हाती लागली होती ना?" त्यांनी फेबेला विचारलं. "फाडली असतीस, तर कुणाला कळलंसुद्धा नसतं."

"लीस आणि वान्नेसला कळलं असतं."

"ती बोलली नसती."

"म्हणूनच नाही फाडली," फेबे म्हणाली.

आजोबांनी डोळे पुसले. हाताला कोळंबीचं खारं पाणी होतं, त्यामुळे डोळे आणखीच चुरचुरले. "शाबास, पोरी," ते म्हणाले. त्यातली एक बशी त्यांनी रिकाम्या बशीने झाकली आणि फेबेपुढे सरकवली.

"ही घरी ने. सोललेल्या आहेत म्हणावं."

"आणि पत्ते?" वान्नेसने विचारलं.

आजोबांनी खिडकीबाहेर, विमानतळाच्या दिशेला बघितलं. तिकडून कसलाच आवाज येत नव्हता.

"पत्ते आज नकोत," ते म्हणाले.