प्लेट की रॉड

जिन्याच्या वळणावर आम्ही धडकलो, आणि त्याच्या हातातलं प्लास्टिकचं मांडीचं हाड माझ्या पावलावर आपटलं.

"फार लागलं?"

"मोडलं असेल, तर काय टाकाल? प्लेट की रॉड?" मी कळवळत विचारलं.

तो हसला. "तेच तर शोधायचंय. हे हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं, की कशाने जास्त चांगलं बरं होतं... याल मदतीला?"

त्या हसण्यावरच मी हो म्हणाले! तो हाडांचा डॉक्टर, मी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन तो करणार, पुढे गुडघा किती वाकतो ते मी मोजणार. अट एकच – कुणाला प्लेट, कुणाला रॉड, हे मला कळता कामा नये, नाहीतर माझं मोजमाप नकळत एका बाजूला झुकायचं. म्हणून पेशंट टाके झाकणारा लांब मोजा चढवूनच माझ्याकडे येत.

पण त्या दिवसापासून या महाशयांनी तोंडाला कुलूपच लावलं. मी कँटीनमध्ये शिरले, की हे अर्धा चहा टाकून पसार! आणि मी मेली, त्याच्या वॉर्डासमोरून उगाच फेऱ्या घालायची. वर्षभर झुरले. एक पेशंट मावशी तर म्हणाल्याच, "पोरी, गुडघा माझा दुखतोय, तोंड तुझं का उतरलंय?"

आज शेवटचा गुडघा मोजून झाला. आमच्या विभागप्रमुख सरांनी दोन्ही गटांची मोजमापं समोरासमोर मांडली. प्लेट काय, रॉड काय, फरक जवळजवळ नव्हताच. आणि संध्याकाळच्या गाडीने तो दुसऱ्या गावी नोकरीवर निघाला होता.

मी त्याच्या खोलीत गेले. तो पुस्तकं बांधत होता.

"बंदी प्लेट-रॉडबद्दल बोलायला होती," मी म्हणाले, "माझ्याशी बोलायला नव्हती!"

त्याच्या हातातली दोरी सुटली. "माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हो. एकदा सुरू झालो असतो, तर... सगळंच सांगून बसलो असतो."

"सगळं म्हणजे? कुणाला प्लेट, कुणाला रॉड?"

"ते नंतर," तो म्हणाला. "आधी हे, की तुम्ही मला फार आवडता. जिन्यातल्या त्या दिवसापासून."

मग तो जो बोलायला लागला... खोलीत, रस्त्याभर, फलाटावर. गाडी हलली, तरी खिडकीतून बोलणं चालूच. मी शेजारून चालत होते, मग पळत – अजून एक वाक्य ऐकू यावं म्हणून.